गाण्यातला बाप

मोताळा
४ सप्टेंबर २०२२

पज्या,

तुझा नंबर लावला की एक मुलगी उचलते आणि म्हणते, "सर शूटमध्ये आहेत." सर! दहावीला माझ्या मागे बसून गणिताचा पेपर उतरवणारा माणूस सर झाला, आणि मी अजून टपालाची थैली घेऊन सायकलवर. दिवसभर लोकांची पत्रं वाटतो, म्हटलं एक आपलंही टाकावं. शिवाय फोनवर तू हसून विषय बदलतोस. कागदावर ते जमत नाही.

आधी चांगली बातमी. तुझं गाणं मोताळ्यात सगळीकडे वाजतंय. पानटपरीवर, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर, वावरात निंदणाऱ्या बायांच्या फोनवरसुद्धा. आपण जिनिंगच्या आवारात फवारणीच्या पंपाच्या दांड्याची खटखट मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर ओळी बसवायचो, तेव्हा वॉचमन दगड घेऊन मागे लागायचा. आता तोच सांगतो, "माह्याच डोयासमोर शिकलं पोट्टं."

आता दुसरी बातमी. काल तुझे वडील वारले.

घाबरू नको, अर्जुनकाका ठणठणीत आहेत. पण काल दुपारी अमडापूरचे तुझे उकंडमामा आणि मामी जीपमधून उतरले ते रडतच. प्राचीताईच्या लग्नात मामाचा मान द्यायचा राहिला म्हणून तुमच्याकडे पाणीसुद्धा न पिणारी ही माणसं. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मरणाला बोलावण्याची वाट पाहू नये, हे आपल्याकडे वैऱ्यालाही पाळावं लागतं. मामींनी गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावला, "माह्या नणंदेचं कसं झालं वो माय!" सगळी गल्ली बाहेर. मी तुमच्या शेजारी मनिऑर्डर देत होतो, तसाच धावत आलो.

काका मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होते. मातीचे हात घेऊन तेच पुढे आले आणि म्हणाले, "कोन गेलं बे?"

उकंडमामा त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "तुमीच ना, भाऊजी."

मामांच्या पिशवीत काकूंसाठी माहेरची दुखवट्याची साडी होती, फिकी, काठ नसलेली. तुझ्यासाठी टोपी आणि उपरणं होतं. अमडापूरच्या बाजारात कोणीतरी त्यांना तुझी मुलाखत दाखवली. त्यात मुलाखत घेणारी पोरगी विचारते, गाण्यातली ही तुझ्या बाबांची गोष्ट आहे का, आणि तू मान खाली घालून म्हणतोस, "हाव. फवारा मारून घरी आले अन् संध्याकाळी गेले." मामांना वाटलं, यंदाच्याच फवारणीत झालं आणि भांडणापायी आपल्याला कोणी कळवलंही नाही.

सगळे हसले. चहा झाला, मामा पाणी प्यायले, मोडलेली सोयरीक जुळली. हे पुण्य तुझंच. काकू मात्र ती साडी हातात घ्यायला तयार नव्हत्या, आणि आणलेली साडी परत नेऊ नये म्हणून मामीही घेईनात. ती अजून तुमच्या ओसरीत खुंटीला टांगलेली आहे.

तू हे खरंच म्हणालास का, पज्या? मी ती मुलाखत पाहिली, पण मला तुझ्या हातचं हवं आहे.

आसिम

*

पुणे
१५ सप्टेंबर २०२२

आसिम,

म्हणालो. पण तू समजतोस तसं नाही.

तिने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. कॅमेरे चालू, डोळ्यांवर लाइट, डोळ्यांत पाणी आलं ते लाइटनेच. तिला वाटलं रडतोय. तिचेही डोळे भरले. आता एवढ्या भरल्या डोळ्यांना मी काय सांगू, की बाई, माझा बाप सकाळीच फोनवर मला शिव्या देऊन थकलाय? तोंडातून हाव निघून गेलं. बाकीचं वाक्य आपोआप मागून आलं. गाण्यातच तर होतं ते.

इथे सगळं असंच चालतं, यार. पहिल्या दिवशी गाण्याच्या कंपनीने मला नव्या चपला आणून दिल्या आणि त्यांच्याच माणसाने ब्लेडने त्यांचे पट्टे कापले. म्हणे, फाटक्या दिसल्या पाहिजेत. मी म्हटलं, माझ्या बॅगेत माझ्या जुन्या आहेत, खरंच झिजलेल्या. त्याने पाहिल्या आणि म्हणाला, ह्या तशा झिजलेल्या वाटत नाहीत. मी गाताना लावतो ते आपलं 'बोंडअळी' नाव त्यांना फार आवडलं. पण माझी भाषा कमी पडते म्हणे. दर ओळीत बे टाक, काऊन टाक. मी आईशीसुद्धा एवढं वऱ्हाडी बोलत नाही, जेवढं आता पुण्याच्या पोरींशी बोलतो. पंपाची खटखट काढून टाकली आणि कॉम्प्युटरवर तशीच एक बनवली, कारण खरी ऐकायला खोटी वाटते.

पण एक मलाही विचारू दे. गाण्यातला 'मी' म्हणजे कोणीही असतो, हे मला कोणी शिकवलं? तूच. जिनिंगच्या मागच्या भिंतीपाशी तू त्या ओळी मला दिल्यास तेव्हा काय म्हणाला होतास? "मले नाई म्हनता येत. घसा धरते. तू म्हन." मी म्हटलं. तू घरी अब्बा म्हणतोस आणि गाण्यात बाप लिहिलंस, ते कोणालाही म्हणता यावं म्हणूनच ना?

अळी वाचली बोंडात, बाप मेला तिच्यासाठी. ही ओळ म्हणताना रोज माझ्यासमोर तुझे अब्बा, रहेमतचाचाच असतात. तुझी शपथ.

बाबा काय म्हणाले? खरं सांग. मला ते फोनवर काहीच बोलत नाहीत. आई म्हणते, वावरात आहेत. चोवीस तास कोणी वावरात असतं का?

प्रज्वल

*

मोताळा
२५ सप्टेंबर २०२२

पज्या,

काकांनी परवा मला रस्त्यात अडवलं. "तुह्या फोनात हाये का ते? लाव." पिंपळाच्या पारावर बसून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "म्हनते चांगलं. पन यात मी काऊन मेलो?"

मी तुझंच शहाणपण त्यांना सांगितलं. म्हटलं, काका, गाण्यात मी म्हणजे कोणीही असतो. ते म्हणाले, "असन. मंग रहेमतभाईचं नाव कुठी हाये?" मी म्हटलं, गाण्यात नाव नसतं. त्यावर काका उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले. तेव्हापासून पुन्हा बोललेले नाहीत. वावरातच असतात, काकू खोटं सांगत नाहीत. यंदाही बोंडांत गुलाबी अळी घुसली आहे. बीटीचं बियाणं, वरून फवारा, तरी बोंड उघडलं की आत बाईसाहेब आरामात बसलेल्या. काका बोंडं तोडतात, उघडतात आणि फेकतात. कामापेक्षा रागच जास्त काढतात.

तू म्हणतोस ते मी नाकारत नाही. ओळी मी दिल्या. घसा माझाच धरत होता. पाच वर्षांपूर्वी भाद्रपदात काका तापाने पडले आणि अब्बांनी त्यांच्या वाटचा पंपही पाठीवर घेतला, तुमच्याच वावरात. वारं समोरून होतं. तोंडाला रुमाल बांधलेला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यांना आम्ही दिसेनासे झालो होतो. हे तुला काय सांगायचं? तू त्या गाडीत होतास, त्यांचे पाय तुझ्या मांडीवर होते. म्हणूनच मी दुसऱ्या कोणाला दिलं नसतं, तुला दिलं.

पण पज्या, मी तुला गाणं दिलं होतं. अब्बा दिले नव्हते.

स्टेजवर तू 'माहा बाप' म्हणतोस तेव्हा मला काही वाटत नाही, देवाशपथ, उलट अंगावर काटा येतो. पण गाणं संपल्यावर, खाली उतरून, खुर्चीत बसून कोणी विचारलं तर मात्र ती ओळ खाली ठेवायची असते. तू ती अंगावर घालूनच फिरतो आहेस. माझ्या घरात एक माणूस खरंच कमी आहे आणि लोक तुला जवळ घेऊन रडतात. मला याचा राग येतो. फार येतो. रात्री... जाऊ दे. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय असंही नाही.

फार मागत नाही. पुढच्या मुलाखतीत एक वाक्य सांग. माझे वडील जिवंत आहेत, हे माझ्या मित्राच्या वडिलांचं आहे, त्यांचं नाव रहेमतुल्ला. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल.

आसिम

*

पुणे
९ ऑक्टोबर २०२२

आसिम,

घाईत लिहितोय. इंदूरला निघायचं आहे.

तू म्हणतोस तेवढं ते एक वाक्य सोपं राहिलेलं नाही. आता मी मागे फिरलो तर सगळे काय म्हणतील? खोटारडा. आणि एकदा मी खोटा ठरलो की गाणंही खोटं ठरेल. फवारणीने माणूस मेला हेही मग लोकांना खोटंच वाटेल. म्हणतील, हे गावचे लोक रडायची दुकानं लावतात. तुला तसं हवंय का? खोट्याच्या पाठीवर बसून का होईना, खरी गोष्ट चालली आहे. तिला चालू दे.

आता मुद्द्याचं. कंपनी गाण्याचा मोठा व्हिडिओ करते आहे. माझा भाग इथे स्टुडिओत झाला. गावातला भाग घ्यायला त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात दोन दिवस मोताळ्याला येत आहेत. त्यांना घर हवं, आई हवी आणि भिंतीवर बाबांचा फोटो हवा. हार घातलेला. मी नाही म्हणून पाहिलं, पण करारावर सह्या झाल्यात. मला यायला जमणार नाही, त्या दोन्ही दिवशी माझा शो आहे.

तू बाबांशी बोल. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतात. एवढा एकच व्हिडिओ. तो झाला की मी सगळं सांगून टाकतो, तुझ्या वाक्यासकट. तोपर्यंत थांब. ह्या गाण्यानंतर माझ्याकडे दुसरं काही नाही, आसिम. इथे आल्यापासून एक ओळ सुचलेली नाही. वहीपाशी बसलो की कोणीतरी विचारतं, ह्यात दुःख कुठे आहे?

प्रज्वल

*

मोताळा
२१ ऑक्टोबर २०२२

प्रज्वल,

तुझी माणसं येऊन गेली. तू नव्हतास, म्हणून सगळं लिहितो. काही गाळणार नाही.

मी काकांशी बोललो. मला वाटलं होतं काठी घेऊन धावतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, "हार घालून पोराचं भलं होत असन त घाला. फोटोले काय होते?" आणि स्वतःच पेटीतून फोटो काढून दिला. प्राचीताईच्या लग्नातला, फेटा बांधलेला, आत्ता हसतील असे ओठ दाबलेले.

दोन गाड्या आल्या. त्यांच्या मुख्य माणसाने तुमचं घर आतून-बाहेरून पाहिलं. स्लॅब, खाली फरशी, निळा रंग, कोपऱ्यात ठिबकच्या नळ्यांच्या गुंडाळ्या. तो म्हणाला, हे शेतकऱ्याचं घर वाटत नाही. काका म्हणाले, "मंग कोनाचं वाटते?"

गावभर हिंडून त्यांना एक घर पसंत पडलं. कोणाचं असेल? आमचं. टीनपत्रे, पोपडे आलेली भिंत, दारात अब्बांची गाद्यांचा कापूस पिंजायची जुनी कमान. एकदम पर्फेक्ट म्हणाले. अम्मीला विचारलं, तर ती म्हणाली, "पज्या क्या अपना नहीं?" मग त्यांनी भिंतीवरची मक्का-मदिन्याची तसबीर उतरवली. कुठे ठेवावी त्यांना कळेना, तेव्हा तुझ्या आईने पदरात गुंडाळून ती मांडीवर घेतली. त्याच खिळ्यावर अर्जुनकाका लागले. वर झेंडूचा हार.

काका बाहेर आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. दार उघडंच होतं. आतून हारातला माणूस बाहेरच्या माणसाकडे पाहत होता आणि गल्लीतली पोरं ओट्याखाली तोंड दाबून हसत होती. इथपर्यंत मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू?

काकूंना फोटोखाली बसवलं. तो माणूस वाईट नव्हता, आई आई करून बोलत होता. म्हणाला, "आई, कपाळावरचं तेवढं पुसाल का? आणि बांगड्या?"

काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी दारातून काकांकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे नाई होनार बाप्पा. तो काय माहा मानूस, तिथी बसला." त्याने समजावलं, नाटक आहे आई, लगेच पुन्हा लावा. काकू म्हणाल्या, "नाटकात पुसलं तरी पुसलंच जाते." आणि दोन्ही हात पदराखाली घेतले, जसं कोणी बांगड्या ओढूनच काढणार आहे.

सगळे खोळंबले. अम्मी चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मी बसते ना तिच्या जागी. माह्या कपायाले पुसाचं काईच नाई." सहज म्हणाली, पीठ संपलं तर शेजारणीला वाटीभर द्यावं तशी.

त्या माणसाने अम्मीकडे पाहिलं. डोक्यावरची ओढणी पाहिली. मग साथीदाराकडे वळून हळूच म्हणाला, "नहीं यार, वैसा नहीं दिखेगा. ऑडियन्स कन्फ्यूज हो जाएगी." त्याला वाटलं, आपण हिंदीत बोललो म्हणजे बाईला कळलं नाही. आमच्या घरात दुसरं काय बोलतात? अम्मी म्हणाली, "चाय ठंडी हो रही," आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तुझ्यासारखाच मीही त्या दिवशी तिथे नसतो तर बरं झालं असतं.

आणि काका उठले. तंबाखू थुंकली, चपला बाहेर काढल्या, आत आले. म्हणाले, "फोटो माहा. घर रहेमतभाईचं. अन् जिचा मानूस गेला ते बाई चुलीपाशी उभी. मंग या घरात मेलं कोन?"

काकांनी स्टूल ओढलं, फोटो हारासकट उतरवला, काखेत मारला आणि चालू लागले. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्यांच्या, मिरचीवाल्यांच्या मधून अर्जुनकाका आपलाच हार घातलेला फोटो घेऊन चालले आहेत आणि मागे काकू. एका म्हाताऱ्याने फोटो पाहून हात जोडले, मग वर तोंड पाहिलं आणि टोपली टाकून पळाला. एरवी मोताळा यावर महिनाभर हसलं असतं. कोणी हसलं नाही.

दिवेलागणीला काका पुन्हा आमच्याकडे आले. मक्का-मदिन्याची तसबीर स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावली, सरळ आहे का ते मागे सरकून पाहिलं. मग अम्मीला म्हणाले, "भाबी, त्या दिवशी तो पंप माह्या पाठीवर असाचा होता." अम्मी म्हणाली, "मालूम है, भाईसाब." पाच वर्षांत हे दोघं याबद्दल पहिल्यांदा बोलले, आणि एवढंच बोलले.

तू थांब म्हणाला होतास. मी थांबलो, आणि माझ्या आईला माझ्याच घरात चुलीपाशी उभं केलं. आता तुला जे करायचं ते कर. मला नको विचारू.

आसिम

*

पुणे
२७ नोव्हेंबर २०२२

आसिम,

महिनाभर तुझं पत्र खिशात आहे. घड्या फाटल्या. उत्तर द्यायला बसलो की चाचीचा तो ट्रे डोळ्यांसमोर येतो आणि पेन पुढे जात नाही.

काल इथे मैदानावर शो होता. एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. ठरवूनच गेलो होतो. मॅनेजरला सांगितलं असतं तर त्याने स्टेजवर चढू दिलं नसतं, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी मी म्युझिक थांबवायला सांगितलं आणि म्हणालो, "माझा बाप जिवंत आहे."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "जिवंत आहे!" दुसरा ओरडला. मग सगळं मैदान. मुठी वर करून, "जिवंत आहे! जिवंत आहे!" जशी नेत्याच्या अंत्ययात्रेत घोषणा देतात तशी. पुढच्या रांगेतल्या पोरी रडत होत्या. बाजूला मॅनेजर दोन्ही अंगठे वर करून नाचत होता.

मी ओरडलो, तसं नाही, खरंच जिवंत आहे! मोताळ्यात आहे, तंबाखू खातो, मला शिव्या देतो! लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, मी खोटं बोललो होतो, गेले ते रहेमतुल्ला, माझ्या दोस्ताचे वडील, आमच्या वावरात गेले. किती जणांना ऐकू गेलं देव जाणे. कोणीतरी ओरडलं, "गाणं म्हण बे!" तो बे मीच त्यांना शिकवलेला.

मग वाटलं, गाण्यातच सांगू. बीट सुरू झाला. त्या ओळीशी आलो आणि बाप म्हणायच्या जागी 'रहेमतचाचा' म्हटलं. तू एवढी मापात ओळ लिहिलीस की त्यात एक अक्षर जास्त मावत नाही. नाव अर्धं तोंडात असताना बीट पुढे निघून गेला. मी अडखळलो, पुन्हा पकडायला गेलो, पुन्हा चुकलो. आणि माझ्याऐवजी अख्ख्या मैदानाने ओळ पूर्ण केली, बाप मेला तिच्यासाठी. हजारो माणसांनी मिळून माझ्या बापाला मारलं आणि मी माइक धरून उभा. मी गाणं तिथेच सोडून खाली उतरलो.

आज सकाळी कंपनीत बोलावलं. मला वाटलं, हाकलणार. ते खूश होते! 'जिवंत आहे' छापून टी-शर्ट काढायचे म्हणाले. अडखळलो तेही त्यांना आवडलं, एकदम रिअल वाटलं म्हणे. आसिम, मी खरं बोललो आणि त्यांनी तेही दुकानात मांडलं.

मी नको म्हणालो. त्यांचे कपडे, त्या ब्लेडने कापलेल्या चपला, सगळं टेबलावर ठेवून आलो. गाणं मात्र त्यांचंच राहणार. सह्या झाल्यात. तुझ्या ओळी मी परत आणू शकत नाही. मला माफ कर असं म्हणायचं होतं, पण ते इतकं छोटं वाटतं की राहू दे.

एका मित्राच्या खोलीवर आहे. घरी यावंसं वाटतं. बाबा दार उघडतील का? आणि तू?

पज्या

*

मोताळा
११ डिसेंबर २०२२

पज्या,

तुझ्या शोचा तुकडा इथे पोहोचला. कोणीतरी नाव दिलं आहे 'बोंडअळीची फजिती'. तू अडखळतोस तेवढाच भाग आहे, खाली हसणारी तोंडं. मागचं तुझं बोलणं कोणी घेतलेलंच नाही. एसटी स्टँडवरची पोरं तुझी नक्कल करतात, रहे... रहेम... रहेमत... आणि लोळतात. मी एकाच्या कानाखाली लावली. सरकारी थैली खांद्यावर असताना असं करायचं नसतं, माहीत आहे.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. तू दाखव म्हटलं नव्हतंस, पण दाखवलं. कापूस चिवडत त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "पोट्टे म्हनतात चुकला. मले त सारं समजलं." दार उघडतील का, ते मी विचारलं नाही. काकूंनी ओसरीतली ती फिकी साडी मात्र काल खुंटीवरून काढली आणि गोधडी शिवायला घेतली.

माझं विचारतोस. मला माहीत नाही, पज्या. सकाळी वाटतं, आला की मिठी मारू. दुपारी सायकल मारताना पानटपरीवर ती ओळ तुझ्या आवाजात ऐकली की पुन्हा डोकं फिरतं. ती आता माझी नाही, तुझीही नाही, आणि रोज वाजते. हे मला अजून गिळता आलेलं नाही. तरी ये. भांडायला तरी ये.

एक सांगायचं राहिलं. ते गाणं आमच्या घरात कधी पूर्ण वाजलं नाही. कुठे लागलं की अम्मी उठून मागे जायची, भांडी घासायला घ्यायची. पहिल्यांदा जिनिंगच्या आवारात रेकॉर्ड केलं तेव्हाही तिने ऐकलं नाही. म्हणायची, "उसमें उनका क्या है?"

परवा जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वो लगा. जिसमें पज्या भूलता है."

मी लावलं. तू अडखळलास तिथे तिने माझा हात धरला. "पीछे ले." मी मागे नेलं. पुन्हा तू त्या नावाशी आलास, बीट निघून गेला, मैदानाने ओळ उचलली. "फिरसे." असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. पोरं जिथे हसून लोळतात, तेवढाच तुकडा अम्मी ऐकत बसली होती, कारण अख्ख्या गाण्यात फक्त तिथेच तिच्या माणसाचं नाव आहे. फोन बंद पडेपर्यंत तिने मला दुसरं काही लावू दिलं नाही.

आसिम